स्थानिक चलनांनी शाश्वत विकास होतो म्हणतात. पण मोजायचा कसा?

तळटीप
नमस्कार मंडळी. एका छोट्या संस्थेसाठी मला एक प्रस्ताव तपासून द्यायचाय. वस्तीपुरतं स्वतःचं चलन काढायचं, ते तिथल्याच लोकांत आणि दुकानांत चालणार, पैसा बाहेर न जाता आत फिरणार, मग रोजगार वाढणार, लोक एकमेकांना ओळखू लागणार आणि वाहतूक कमी झाल्यामुळे पर्यावरणाचंही भलं होणार, असा एकूण दावा आहे. ऐकायला छान आहे. पण शेवटी 'परिणामांचं मूल्यमापन' म्हणून जे अर्धं पान जोडलंय त्यात फक्त किती सदस्य झाले, किती नोटा वाटल्या, किती दुकानं सामील झाली एवढंच मोजणार असं लिहिलंय.
मला हे खटकतंय. नोटा वाटल्या हे काम झालं, परिणाम कुठे झाला? जगात असे प्रयोग बरेच झालेत, त्यांचा लेखाजोखा कोणी नीट मांडलाय का? कोणी अशा योजनेत भाग घेतला असेल तर अनुभवही सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र
वाचतोय. चांगला विषय.

हिशोबी माणूस
वर्गलचं उदाहरण आल्याशिवाय हा धागा पुढे जाणारच नाही म्हणून मीच देऊन टाकतो :)
ऑस्ट्रियातलं छोटं गाव, १९३२, महामंदी, लोकांच्या हाताला काम नाही आणि पालिकेची तिजोरी रिकामी. महापौर उंटरगुगेनबर्गर यांनी गावापुरत्या नोटा काढल्या. गंमत अशी की दर महिन्याला नोटेवर १ टक्का किमतीचं तिकीट चिकटवावं लागायचं, नाहीतर ती चालायची नाही. म्हणजे पैसा ठेवून दिला की झिजणार. कल्पना मूळ जर्मन अर्थविचारक सिल्व्हिओ गेसेल यांची. लोक नोटा पटापट खर्च करायला लागले, थकलेले कर भरायला लागले, रस्ते झाले, पूल झाला. १९३३ मध्ये ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने बंद पाडलं. याहून स्पष्ट परिणाम कुठला हवा?

शंकेखोर
@हिशोबी माणूस, कथा सुरेख आहे आणि नव्वद वर्षं लोक तीच सांगतायत हाच तर प्रॉब्लेम आहे. पूल कशामुळे झाला? नोट झिजत होती म्हणून, की पालिकेने हात आखडता न घेता कामं काढली म्हणून? तीच कामं कर्ज काढून साध्या शिलिंगमध्ये केली असती तर पूल झाला नसता का? शिवाय जेमतेम वर्षभर चाललेला प्रयोग. तेवढ्यात शाश्वत काय कळणार, पुढे काय झालं असतं ते कोणालाच माहीत नाही. बंद पाडलेल्या प्रयोगाचं हे बरं असतं, तो कायम यशस्वीच राहतो.

हिशोबी माणूस
कर्ज कोण देणार होतं मंदीत? तिथेच तर सगळं अडलं होतं ना. पण मुद्दा कळला. दोन गोष्टी एकदम घडल्या की श्रेय कोणाला द्यायचं हे ठरवणं अवघड, मान्य.

उगाच
म्हणजे पैसा झिजवायला तिकीट लावायचं? आमचा तर तिकीट न लावताच झिजतो.

भटकी जोगीण
+१ उगाच :D

सावली
मी परदेशात असताना एका टाइम बँकेचं समन्वयाचं काम केलंय, त्याबद्दल लिहिते. तिथे पैसा नाही, तास. मी कोणाच्या म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात नेलं तर माझ्या खात्यात तास जमा, तोच तास वापरून मी दुसऱ्या कोणाकडून संगणक दुरुस्त करून घेणार. वकिलाचा तास आणि झाडलोट करणाऱ्याचा तास सारखाच. एडगर कान यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना रुजवली.
बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की लोक नुसते घ्यायला येत असतील. उलट होतं. सगळे द्यायला तयार, मागायला कोणी तयार नाही. मागायची लाज वाटते हो. कित्येक जण ढीगभर तास साठवून बसलेले आणि स्वतःच्या घरातला गळका नळ तसाच. मग व्यवहार कसे होणार? आम्ही फोन करकरून लोकांना सांगायचो की बाई काहीतरी माग. आणि ज्यांनी पैसे दिले होते त्यांना दर तिमाहीत अहवाल हवा, एकूण किती तास फिरले. आकडा कमी दिसला की प्रकल्प नापास. पण एकट्या राहणाऱ्या माणसाला आता आजारपणात फोन करायला तीनचार नंबर आहेत, हे त्या रकान्यात कुठे बसवणार? मी तरी सांगेन की खरा परिणाम तोच होता.

जुनाजाणता
सावलीताई, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो. कान यांच्याही आधी जपानमध्ये तेरुको मिझुशिमा या बाईंनी १९७३ मध्ये ओसाकात व्हॉलंटियर लेबर बँक काढली होती. मुलं लहान असताना बायकांनी एकमेकींना मदत करायची, तास जमा करायचे आणि म्हातारपणी वापरायचे अशी कल्पना. पुढे तिथे वृद्धांच्या काळजीसाठी 'फुरेआई किप्पु' म्हणून अशा अनेक योजना निघाल्या. पण यात मोजणीची मोठी गोची आहे. आज मी तास देतो, तो मला परत मिळणार वीस-तीस वर्षांनी. तेव्हा ती संस्था असेल का, तरुण सदस्य असतील का? म्हणजे परिणाम आज मोजलात तर अर्धाच दिसणार, आणि उरलेला अर्धा मोजायला संस्था टिकायला हवी.

शंकेखोर
सावली, तुमचा अनुभव पटतो, पण एक विचारू का? तीनचार फोन नंबर तर भजनी मंडळातूनही मिळतात. त्यासाठी चलन कशाला?

सावली
मिळतात, ज्यांना मंडळात घेतात त्यांना. आमच्याकडे येणारे बरेचसे लोक असे होते की ज्यांना कोणी कुठे बोलावत नव्हतं. आजारी, नुकते त्या देशात आलेले, भाषा न येणारे. 'मी कोणाचे उपकार घेत नाहीये, माझे तास जमा आहेत' एवढ्या आधारावर ते मदत मागू शकायचे. हिशोब असल्यामुळेच माणूस आत आला. आता हे मी आकड्यात सिद्ध करू शकत नाही हे कबूल, पण म्हणून ते घडलं नाही असं होत नाही.

गणिताशी वैर
माझा बाळबोध प्रश्न. हे सगळे प्रकार एकच आहेत का? तास वेगळे, नोटा वेगळ्या. आणि मग ते बार्टर म्हणतात ते?

हिशोबी माणूस
@गणिताशी वैर, प्रश्न बाळबोध नाही, निम्मे वाद यामुळेच होतात. ढोबळमानाने चार प्रकार धरा. पहिला टाइम बँक, वर आलाच. दुसरा लेट्स, मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये कॅनडात कोमॉक्स खोऱ्यात सुरू केला, त्यात नोटा नसतात, घेणाऱ्याचं खातं उणे होतं आणि देणाऱ्याचं अधिक, सगळ्यांची बेरीज कायम शून्य. तिसरा खऱ्या पैशांत बदलून मिळणाऱ्या नोटा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचा ब्रिस्टल पौंड वगैरे. चौथा अर्जेंटिनासारखे अदलाबदलीचे बाजार.
सीफँग आणि लाँगहर्स्ट या दोघांनी २०१३ मध्ये जगभरातल्या योजनांची मोजदाद छापली होती, २३ देशांत ३,४१८ प्रकल्प. त्यात निम्मे टाइम बँकेसारखे आणि ४१ टक्के लेट्स. पेपरात फोटो येतो त्या रंगीत नोटांचा वाटा फक्त ७ टक्के! तेव्हा 'स्थानिक चलनाचा परिणाम' असं एका दमात बोलताच येत नाही. @तळटीप, तुमचा प्रस्ताव यातला कुठला?

तळटीप
तिसरा. नोटा आणि सोबत मोबाईल अॅप. ठरलेल्या दराने नेहमीच्या पैशात बदलून मिळणार.

भटकी जोगीण
मग ब्रिस्टलचं वाचाच. २०१२ मध्ये सुरू झालं, कागदी नोटा आणि मोबाईलवरून मेसेज करून पेमेंट, क्रेडिट युनियनचं (म्हणजे सहकारी पतसंस्थेचं) पाठबळ, नगरपालिकेचा करही त्यात भरता यायचा. महापौर जॉर्ज फर्ग्युसन पूर्ण पगार ब्रिस्टल पौंडात घ्यायचे. इतकं सगळं अनुकूल असूनही दहा वर्षं काही टिकलं नाही. माझ्या मते अडचण दुकानदाराच्या गल्ल्यात आहे. गिऱ्हाईक नोट देतं, दुकानदार हौसेने घेतो, पण त्याचा घाऊक पुरवठादार शहराबाहेरचा. त्याला ही नोट काय कामाची? मग दुकानदार जाऊन बदलून आणतो. म्हणजे नोट एकदाच फिरली आणि परत आली. वाटलेल्या नोटा मोजून हे कळणारच नाही, दुसऱ्या तिसऱ्या हातात गेली का ते बघायला हवं.

उगाच
महापौरांचं घरभाडं काढून नोटेचा खप दाखवा म्हणावं.

खर्डेघाशी
दुसऱ्या तिसऱ्या हाताचा मुद्दा आला म्हणून. त्यासाठी एक सोपी पद्धत आहे, एलएम३ (लोकल मल्टिप्लायर ३, म्हणजे पैशाच्या पहिल्या तीन फेऱ्या मोजायच्या). न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या ब्रिटिश अभ्याससंस्थेने २००२ च्या सुमारास मांडली. समजा दुकानाकडे १०० आले. त्यातले ६० त्याने स्थानिक लोकांवर आणि पुरवठादारांवर खर्च केले. त्या लोकांनी पुढे ३० स्थानिक पातळीवर खर्च केले. बेरीज १९०, भागिले १००, म्हणजे १.९. आकडा १ आणि ३ च्या मध्ये येतो, जितका मोठा तितका पैसा आत जास्त फिरला. आम्ही कामाच्या ठिकाणी वापरून पाहिलंय, दुकानदारांना समजावायला फार बरी पडते, त्यांना पहिल्यांदाच दिसतं की आपला पैसा कुठून बाहेर पडतो. पण चलनाने काय बदललं हे त्यातून कळत नाही. चलन येण्याआधी हाच आकडा किती होता ते माहीत नसेल तर १.९ चं करायचं काय?

शंकेखोर
आणि तुमच्या वस्तीत राहिलेले ३० शेजारच्या वस्तीतून कमी झालेले असू शकतात. दोन्हीकडे चलन काढलं तर दोघं मिळून एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणार आणि दोन्ही अहवालांत 'स्थानिक खर्चात वाढ' असं छापून येणार.

जुनाजाणता
शंकेखोरांना आज सूर सापडलाय. पण तो मुद्दा ब्राझीलला लावून बघा. फोर्तालेझा शहराच्या कडेला कोंजुंतो पाल्मेइरास नावाची वस्ती, माणसं शहराच्या किनारपट्टीवरून हटवून तिथे आणून टाकलेली. १९९८ मध्ये वस्तीतल्या लोकांनीच बँको पाल्मास काढली, पुढे पाल्मास नावाचं चलन आणलं. नेहमी सांगितला जाणारा आकडा असा की १९९७ मध्ये लोकांच्या खरेदीपैकी ८० टक्के वस्तीबाहेर होत होती आणि २०११ मध्ये ९३ टक्के आत होऊ लागली. ज्या वस्तीत पैसा टिकतच नव्हता तिथे तो टिकला, तर शेजारच्या श्रीमंत भागाचं थोडं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी तरी रडणार नाही. विकास कोणाचा हे आधी ठरवा, मग मोजा.

खर्डेघाशी
आकडा मलाही आवडतो, पण त्या चौदा वर्षांत बँकेने फक्त नोटा नाही छापल्या. छोटी कर्जं दिली, वस्तीत काय बनतं आणि काय बाहेरून येतं त्याचा नकाशा काढला, वस्तीतच उत्पादनाचे छोटे धंदे उभे केले. शिवाय त्याच काळात ब्राझीलमध्ये गरीब कुटुंबांच्या हातात सरकारी मदतीचा पैसा येऊ लागला होता. मला वाटतं तिथे चलन हे इंजिन नव्हतंच, कर्ज आणि धंदे हे इंजिन. चलनाने त्याला दिशा दिली. प्रस्तावात कर्जाची काही सोय आहे का हो तळटीप? नसेल तर पाल्मासचं उदाहरण देऊ नका म्हणावं त्यांना.

तळटीप
कर्जाचा उल्लेखही नाही. आणि पाल्मासचा फोटो पहिल्याच पानावर आहे!

गणिताशी वैर
😂😂

भटकी जोगीण
ब्राझीलचंच आणखी एक, रिओजवळच्या मारिका शहरात २०१३ पासून मुंबुका नावाचं चलन आहे. पालिका गरीब रहिवाशांना दर महिन्याला ठरावीक रक्कम मुंबुकात देते, ती शहरातल्याच दुकानांत चालते. चाळीस हजारांवर लोकांना मिळायला लागली, म्हणजे आकाराने चेष्टा नाही. पण पैसा येतो कुठून? समुद्रातल्या तेलाच्या रॉयल्टीतून. शाश्वत विकासाच्या परिषदेत लोक ज्याला टाळ्या वाजवतात ते खनिज तेलावर चाललंय. आता सामाजिक रकाना हिरवा आणि पर्यावरणाचा लाल, बेरीज कशी करणार?

सावली
बेरीज करूच नये. तीन रकाने वेगळेच ठेवावेत. एकत्र गुण दिले की कोणतातरी एक रकाना दुसऱ्याच्या आड लपतो.

हिशोबी माणूस
पर्यावरणाचा विषय निघालाच आहे तर, मिशेल आणि उदॉन या दोघांनी २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सामाजिक बाजूने फायदा दिसतो, आर्थिक बाजूने योजना लहान असल्यामुळे मर्यादित दिसतो, आणि पर्यावरणाच्या बाजूने पुरावा जवळजवळ नाहीच. तरी प्रत्येक माहितीपत्रकावर हिरवं पान छापलेलं असतं.

रात्रपाळी
पर्यावरणवाला मी आहे म्हणून बोलतो. 'स्थानिक म्हणजे कमी कार्बन' हे गृहीतकच कच्चं आहे. जवळच्या तापवलेल्या हरितगृहात पिकलेली भाजी लांबच्या उन्हात पिकलेल्या भाजीपेक्षा जास्त इंधन खाऊ शकते. वाहतूक हा एकूण हिशोबाचा एक तुकडा असतो, पुष्कळदा छोटाच. आणि दुसरं म्हणजे चलनाने लोकांच्या हातात जास्त खर्च खुळखुळायला लागला तर एकूण वापर वाढेल, कमी कसा होईल? झिजणारी नोट तर सांगतेच की लवकर खर्च कर. खर्चाची घाई आणि कमी वापर या दोन गोष्टी एका नोटेत कशा बसवणार हे मला कोणीच समजावलेलं नाही.
पर्यावरणासाठी म्हणूनच रचलेली चलनं मात्र वेगळी. बेल्जियमच्या गेंट शहरात राबोट नावाचा गरीब भाग आहे, तिथे २०१० मध्ये टोरेकेस नावाचं चलन आलं. परिसर साफ करा, खिडकीत रोपं लावा, टोरेकेस मिळवा. ते खर्च कशावर? आधी लोकांना विचारलं तुम्हाला काय हवंय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना भाजी लावायला जमिनीचा तुकडा हवा होता. मग तुकड्यांचं भाडं टोरेकेसमध्येच घ्यायचं ठरलं. इथे मोजणं सोपं आहे, कारण कुठल्या कामासाठी किती चलन दिलं ते सरळ नोंदलेलं असतं.

शंकेखोर
रात्रपाळी, झिजणाऱ्या नोटेचा मुद्दा एक नंबर.

हिशोबी माणूस
अर्धाच एक नंबर. खर्च कशावर होतो ते बघायला नको का? जर्मनीत बव्हेरियात कीमगाउअर नावाचं चलन आहे, २००३ मध्ये एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केलं. ते झिजतं, आणि दुकानदाराला युरोत बदलायचं तर ५ टक्के कापले जातात, त्यातले ३ टक्के गिऱ्हाइकाने निवडलेल्या सामाजिक संस्थेला जातात. ते ३ टक्के कुठे गेले, त्यातून काय झालं हे पै पै दाखवता येतं. आणि नोट युरोपेक्षा कितीतरी वेगाने फिरते असं आयोजक सांगतात.

खर्डेघाशी
वेगाची तुलना जपून करा. युरोच्या आकड्यात लोकांची बचत, बँकेत पडून असलेला पैसा सगळं येतं. कीमगाउअरमध्ये बचत कोणी ठेवतच नाही, फक्त खर्चायचा पैसा. खर्चाचा पैसा बचतीपेक्षा वेगाने फिरतो यात नवल ते काय. घरखर्चाच्या पाकिटाची तुलना पाकिटाशीच करायला हवी.

जुनाजाणता
मला सगळ्यात भरवशाचा पुरावा वाटतो तो स्वित्झर्लंडचा, आणि त्यात नोटाही नाहीत आणि हिरवं पानही नाही. डब्ल्यूआयआर, १९३४ मध्ये सुरू झालेली छोट्या-मध्यम धंद्यांची सहकारी व्यवस्था, अजून चालू आहे. जेम्स स्टॉडर या अर्थतज्ज्ञांनी तिच्या अनेक दशकांच्या आकड्यांचा अभ्यास केला. अर्थव्यवस्था मंदावली की डब्ल्यूआयआरमधली उलाढाल वाढते आणि तेजीत कमी होते. म्हणजे बँका हात आखडतात तेव्हा धंदे आपसातल्या उधारीवर तग धरतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २०१० पासून सार्डेक्स याच धर्तीवर चालतं. इथे 'चलन नसतं तर काय झालं असतं' याला थोडंतरी उत्तर मिळतं, कारण एकाच व्यवस्थेचे चांगले आणि वाईट काळ दोन्ही हाताशी आहेत. मंदीतला आधार हा शाश्वत विकासात बसतो की नाही ते तुम्ही ठरवा, मी बसवतो.

गणिताशी वैर
मग अर्जेंटिनाचं काय झालं? तिथेही मंदीतच वाढलं होतं ना.

जुनाजाणता
वाढलं आणि कोसळलं. १९९५ मध्ये ब्युनोस आयर्सजवळ बेर्नालला एका छोट्या गटाने सुरुवात केली, २००१-०२ च्या संकटात लाखो लोक त्यात आले. नोटा बेसुमार छापल्या गेल्या, खोट्या नोटा घुसल्या, भाव भडकले, मालच उरला नाही आणि २००२ च्या शेवटी बहुतेक बाजार ओस पडले. २००२ च्या पहिल्या सहामाहीत कोणी 'सदस्यसंख्या' मोजली असती तर जगातली सर्वात यशस्वी योजना ठरली असती बघा.

तळटीप
@जुनाजाणता, हे वाक्य मी अहवालात चोरणार आहे.

रात्रपाळी
केनियाचं राहिलं. मोंबासाच्या बांगलादेश नावाच्या झोपडवस्तीत २०१३ मध्ये बांगला-पेसा सुरू झालं, सुरू करणाऱ्यांना अटक झाली, मग खटला मागे घेतला गेला. पुढे त्यातूनच सराफू हे मोबाईलवरचं चलन आलं. २०२० च्या सुरुवातीपासून २०२१ च्या मध्यापर्यंतचे सगळे व्यवहार, चाळीस हजारांच्या आसपास खाती, नावं काढून संशोधकांसाठी खुले केलेत. कोणी कोणाला किती दिलं, पैसा कुठे अडला, सगळं दिसतं. बचतगट या जाळ्याच्या मध्यभागी आहेत हेही दिसतं. कोणाचा शब्द प्रमाण मानायची गरज नाही, आकडे घ्या आणि स्वतः बघा.

शंकेखोर
पैसा कसा फिरला ते दिसतं. तो काळ कोव्हिडचा होता आणि बाहेरून मदतीचाही पैसा येत होता. कोणाच्या घरातली उपासमार टळली हे त्या जाळ्यात दिसत नाही, त्यासाठी दारोदार जाऊन विचारावंच लागतं.

तळटीप
खूप खूप आभार सगळ्यांचे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आत्तापर्यंत मी संस्थेला कळवायचं ठरवलंय ते असं: चलन सुरू व्हायच्या आधीच वस्तीतली खरेदी कुठे होते त्याची पाहणी करा, नंतर करून उपयोग नाही. तशाच एका शेजारच्या वस्तीत, जिथे चलन येणार नाही, तीच पाहणी करा. नोट कितव्या हातातून परत आली ते नोंदवा, अॅप असल्यामुळे हे जमेल. सोडून गेलेल्या दुकानदारांना का सोडलं ते विचारा. आणि पर्यावरणाचा दावा एकतर काढून टाका नाहीतर टोरेकेससारखं ठरावीक कामाला बांधा.

खर्डेघाशी
सगळं बरोबर आहे पण खर्च कोण करणार? दोन वस्त्यांच्या पाहण्या करायला जेवढा पैसा लागेल तेवढ्यात अख्खं चलन वर्षभर चालेल. लहान योजनांवर एवढं ओझं टाकलं तर त्या सुरूच होणार नाहीत. मी म्हणेन शेजारची वस्ती सोडा, आधीची पाहणी आणि सोडून गेलेले एवढं धरा.

शंकेखोर
शेजारची वस्ती सोडलीत तर मग दावाही तेवढाच लहान करा. 'रोजगार वाढला' असं लिहायचं नाही. 'आमच्या सदस्यांच्या मते' एवढंच.

सावली
तळटीप, तुमच्या यादीत माणसं फक्त सोडून जाणाऱ्या दुकानदारांपुरतीच आहेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, जे उधारीवर जगतात, ते या चलनात येतात की बाहेर राहतात हेही विचारा. नाहीतर आधीच बरं चाललेल्यांचा क्लब व्हायचा. बऱ्याच ठिकाणी झालाय.

उगाच
आणि बंद पडल्यावर? खिशात उरलेल्या नोटांचं काय करायचं ते प्रस्तावात आहे का? अर्जेंटिनावाल्यांच्या हातात नुसता कागद राहिला. आता चेष्टा नाही करत, खरंच विचारतोय.

तळटीप
पूर्ण प्रस्ताव परत चाळला. बदलून मिळणार असं लिहिलंय, पण त्यासाठीचा पैसा कुठल्या खात्यात आणि कोणाच्या सहीने राहणार, बंद करायचं ठरलं तर किती दिवस बदलून देणार, याबद्दल अवाक्षर नाही. सोमवारी त्यांच्याशी बोलणं आहे, पहिला प्रश्न हाच घेते. उत्तर आलं की इथे टाकते.

वाचनमात्र
टाकाच. मी अजून वाचतोय.